नऊ कुंड्यांचे शेंडे

मामांना पिवळं पान बघवत नसे. कुणाला रक्त बघवत नाही, कुणाला पाल बघवत नाही, तसं मामांचं पिवळ्या पानाचं होतं. परक्याच्या घरी गेले तरी बोलता बोलता त्यांचा हात आपोआप कुंडीकडे जायचा, दोन बोटांत पान धरलं की टचकन खुडायचे, आणि ते सरळ सदऱ्याच्या खिशात. मुलाचं लग्न ठरवायला गेले तेव्हा व्याही तारखांबद्दल बोलत होते आणि मामा "हो हो, चालेल की" म्हणत खिडकीतल्या कुंड्या साफ करत होते. घरी आल्यावर मामींनी सदरा धुवायला काढला तर खिशातून अकरा पानं निघाली. तारीख कुठली ठरली म्हणून विचारलं तर ती काही मामांना सांगता येईना. शेवटी मामींनी विहीणबाईंना फोन करून विचारून घेतली.

हे मामा एका वनस्पती-संशोधन संस्थेच्या काचघरात कामाला होते. बाविसाव्या वर्षी पाणी घालायला म्हणून लागले आणि छत्तीस वर्षं पाणीच घालत राहिले. संस्थेत लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणत. एकदा मोठ्या साहेबांचे वडील काचघर बघायला आले होते, वय वर्षं शहाऐंशी, तेही जाताना "येतो मामा" म्हणून गेले. काचघर म्हणजे तरी काय, इमारतीच्या मागच्या अंगाला काचेच्या दोन खोल्या, आणि त्यांना चिकटून एक बिनखिडकीची खोली. त्या खोलीत लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर कुंड्या, कुंड्यांवर नळीचे दिवे. दिवे ठरल्या वेळी लागायचे, ठरल्या वेळी विझायचे. किल्ली मामांच्या कमरेला.

तिथे एक वही असे. तारीख, पाणी, तापमान, किती पानं तोडली, आणि शेवटचा रकाना 'शेरा'. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मामांनी त्या रकान्यात लिहिलं होतं, "आज मांजर येऊन गेली. नुकसान नाही." तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी त्यावरून त्यांना सगळ्यांदेखत असं काही झापलं की मामांनी तो रकाना सोडूनच दिला. मांजर आली, पाल आली, एकदा तर छताची काच फुटून खाली आली, पण मामांचा शेरा कोराच. छत्तीस वर्षांच्या वह्या रचल्या तर खांद्याएवढ्या होतील, आणि शेऱ्याच्या रकान्यात मांजरीपलीकडे एक अक्षर सापडायचं नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण ह्याच खोडीतून झालं.

काचघरावर हुकूम दोघींचा. एक थोरल्या मॅडम, दुसऱ्या धाकट्या मॅडम. सासूसुनेसारखं वाटतं ऐकायला, आणि होतंही थोडंफार तसंच. थोरल्या मॅडम म्हणजे मार्गदर्शक. बोलणं कमी, आणि जे बोलणं ते एकाच शब्दात: "कशावरून?" मामा म्हणाले आज उकडतंय, तर मॅडम भिंतीवरच्या तापमापकाकडे बघून म्हणायच्या, कशावरून? धाकट्या मॅडम त्यांच्या हाताखाली साडेचार वर्षं पीएचडी करत होत्या. अंगानं काडी, चालणं वाऱ्यासारखं, आणि मामांशिवाय त्यांचं पान हलत नसे. त्यांचा अभ्यास होता घेवड्याच्या पहिल्या दोन पानांचा. घेवडा उगवला की समोरासमोर दोन पानं येतात बघा, बदामाच्या आकाराची. ती उघडल्यापासून पिवळी पडेपर्यंत त्यांच्यातला आरएनए कसा वाढतो नि कसा कमी होतो, एवढंच शोधायचं. साडेचार वर्षं, दोन पानं. मामींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ह्यापेक्षा जास्त पानं तर मी एका वेळच्या भाजीला निवडते.

आरएनए म्हणजे काय हे मामांनी एकदा विचारून घेतलं होतं. धाकट्या मॅडमनी सांगितलं की पानाच्या प्रत्येक पेशीत कामाच्या चिठ्ठ्या निघत असतात, हे बनवा, ते बनवा अशा. त्या चिठ्ठ्या आरएनएच्या, आणि त्या वाचून माल बनवणारी यंत्रं असतात त्यांतही बराचसा आरएनएच. पान कोवळं असतं तेव्हा सगळंच उभारायचं असतं, म्हणून आरएनए भराभर वाढतो. पान पुरतं मोठं व्हायच्या आतच तो सगळ्यांत जास्त होऊन जातो. मग उतरणीला लागतो. पान दिसायला तसंच हिरवंगार, पण आत चिठ्ठ्या कमी कमी. शेवटी पान पिवळं पडतं, स्वतःत जमवलेलं सगळं मोडतं आणि वरच्या कोवळ्या पानांना पाठवून देतं.

मामा म्हणाले, म्हणजे आमच्या मेहुण्यासारखं. तो कचेरीत साहेब होता तेव्हा जेवताना चार वेळा फोन यायचा. आता दिवसाकाठी एक येतो, तोही चुकून लागलेला. धाकट्या मॅडम हसून हसून बेजार झाल्या. पण मामांना काही फारसं हसू आलं नाही. स्वतःचं मोडून वर पाठवतं, हे त्यांच्या मनाला लागलं. त्या दिवशी त्यांनी पिवळ्या पानांच्या कुंड्यांना घोटभर पाणी जास्तच घातलं आणि थोरल्या मॅडमची बोलणी खाल्ली, कारण पाणी सगळ्यांना मोजून सारखं घालायचं असतं. मामांना निवृत्त व्हायला तेव्हा सात महिने राहिले होते.

तर शेवटचा आणि मोठा प्रयोग लागला. तीस कुंड्या. रोपं वर आल्यापासून दर चौथ्या दिवशी तीन कुंड्यांची पहिली पानं तोडायची, वजन करायची, चंदेरी कागदात गुंडाळायची, वर तारीख नि कुंडीचा आकडा घालायचा, आणि चिमट्यानं धरून धुमसत्या थंडगार द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवायची. त्यात पान पडलं की क्षणात काचेसारखं कडक होतं, आणि आत जे जसं आहे ते तसंच राहतं. मग ती पुडी शून्याखाली ऐंशी अंशांच्या कपाटात. अशा दहा पाळ्या, चाळिसाव्या दिवशी खेळ खलास.

सव्विसाव्या दिवशी धाकट्या मॅडमच्या पोटात दुखायला लागलं. अपेंडिक्स. दुपारी दवाखाना, संध्याकाळी शस्त्रक्रिया. खाटेवरून त्यांनी फोन केला तो आईला नाही, मामांना. उरलेल्या चार पाळ्या मामांनी करायच्या असं ठरलं. आणि सांगायला नको, मामांनी त्या घड्याळ लावून केल्या. कोपरापर्यंतचे हातमोजे, डोळ्यांवर तो काचेचा मुखवटा, आणि पाठीमागे हात बांधून बघत उभ्या थोरल्या मॅडम. अठ्ठाविसाव्या दिवसाची पाळी बघून त्या "ठीक" म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकलेली माणसं संस्थेत तीन की चार असतील. पुढच्या पाळ्या बघायला त्या आल्याच नाहीत, इतका विश्वास बसला.

एकोणतिसाव्या दिवशी मोठे साहेब काचघरात आले. ते वर्षातून दोनदा येत, आणि दोन्ही वेळा त्यांना काचघर कुठल्या बाजूला आहे हे विचारावं लागे. तपासणी समिती आठवड्याभरात कधीही येईल, असं ते म्हणाले. मग घेवड्याच्या उरलेल्या नऊ कुंड्यांकडे बोट दाखवून म्हणाले, ही पिवळी पानं काय आहेत, समितीला वाटेल आपल्याकडे झाडं मरतात. एकही पिवळं पान दिसता कामा नये. एवढं बोलून ते गेले, तेही चुकीच्या दारानं.

आता आली का पंचाईत? पानं तोडावीत तर धाकट्या मॅडमचा प्रयोग बसला. ठेवावीत तर साहेबांचा हुकूम मोडला. कुंड्या दुसरीकडे लपवाव्यात तर उजेड बदलला. धाकट्या मॅडमना विचारावं तर त्यांच्या पोटाला टाके. थोरल्या मॅडमना विचारायचं धाडस मामांना झालं नाही. आणि खरं सांगायचं तर साहेबांनी बोट दाखवलं नसतं तरी त्या पिवळ्या पानांनी मामांची बोटं शिवशिवतच होती. तेव्हा त्यांना आठवला त्यांना शिकवणारा म्हातारा माळी. तो सांगायचा, खालचं पान पिवळं पडायला लागलं तर पानाला हात लावू नको, शेंडा खुड. वर मागणारं कुणी राहिलं नाही की खालचं पान पुन्हा हिरवं होतं.

मामांनी नऊ कुंड्यांचे शेंडे अंगठ्याच्या नखानं खुडले. पहिल्या दोन पानांच्या वरचं सगळं साफ. पुढे बगलेतून कोंब फुटले तेही रोजच्या रोज खुडले. वहीत तारीख लिहिली, पाणी लिहिलं, तापमान लिहिलं. शेंड्याला रकाना नव्हता, आणि शेऱ्यात मामा लिहीत नसत. शिवाय त्यांच्या मते त्यांनी प्रयोगाला हात लावलाच नव्हता. मॅडमचा प्रयोग खालच्या पानांचा, ती दोन्ही जागच्या जागी होती. साप मेला आणि काठीही तुटली नाही, अशा खुशीत ते घरी गेले.

पानं हिरवी झाली. हळूहळू, आधी शिरांच्या कडेनं, मग सगळीकडे. बत्तीस, छत्तीस अशा पाळ्या ठरल्याप्रमाणे पार पडल्या. सदतिसाव्या दिवशी समिती आली तेव्हा नऊपैकी तीनच कुंड्या उरल्या होत्या. समिती काचघरात दीड मिनिट थांबली. एकजण छताकडे बघत होता, दुसरा फोनवर होता, आणि तिसऱ्यानं मामांना एकच प्रश्न विचारला, की स्वच्छतागृह कुठे आहे. चाळिसाव्या दिवशी शेवटच्या पुड्या कपाटात गेल्या आणि रिकामी रोपं नेहमीसारखी खतात गेली. दुसऱ्या दिवशी धाकट्या मॅडम पोट धरत धरत परत आल्या, वही बघितली, पुड्या मोजल्या, आणि मामांचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाल्या की तुम्ही माझी पीएचडी वाचवलीत. मामा लाजून पाण्याची झारी शोधायला गेले.

मग दोन महिने कुटणं, गाळणं, मोजणं. आणि एके दिवशी आलेख निघाला. पहिला चढ सुरेख, उतार सुरेख, अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत सगळं पुस्तकातल्यासारखं. आणि नंतर, पान मरायला टेकलेलं असताना, आरएनए पुन्हा वर. दोन वशिंडांचा उंट. धाकट्या मॅडमनी पुन्हा मोजलं. पुन्हा उंट. तिसऱ्यांदा मोजलं. उंट जागचा हलेना.

थोरल्या मॅडमनी आलेख बघितला आणि अर्थातच विचारलं, "कशावरून ही त्याच दिवसांची पानं?" त्यांचं म्हणणं, पुड्या कपाटातून काढताना उलटसुलट झाल्या, कोवळ्या पानांवर म्हाताऱ्या पानांचे आकडे गेले. असं प्रकरण त्या परीक्षकांपुढे जाऊ देणार नव्हत्या. प्रयोग पहिल्यापासून करायचा, बी पेरण्यापासून. आणि प्रबंध द्यायची मुदत उरली होती सहा आठवडे. पेरणीपासून मोजणीपर्यंत लागतात चार महिने. मुदतवाढ आधीच दोनदा झालेली, तिसरी मिळत नाही. म्हणजे साडेचार वर्षं पाण्यात. हे सगळं बोलणं काचघरातच झालं, मामा दोन हातांवर कुंड्या पुसत होते. धाकट्या मॅडमनी चाचरत विचारलं की मामांच्या पाळ्यांत काही झालं असेल का. त्यावर थोरल्या मॅडम कडक आवाजात म्हणाल्या की स्वतःचं खापर मामांच्या डोक्यावर फोडू नकोस, मी स्वतः बघितलंय त्यांचं काम.

तेव्हा मामांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शेंडे. दुसरं काही असूच शकत नव्हतं. वर मागणारं कुणी राहिलं नाही आणि खालच्या पानात पुन्हा चिठ्ठ्या सुटल्या. ओरडून सांगावं असं वाटलं, पण सांगवेना. कुणी शंका घेतली असती तर सांगणं सोपं होतं. हा विश्वास आडवा आला. छत्तीस वर्षांत मिळालेलं एकुलतं एक "ठीक", ते असं हातानं पुसायचं कसं? मामा पुसलेलीच कुंडी पुन्हा पुसत राहिले.

चार दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही. थोरल्या मॅडम खोकल्या तरी मामा दचकत. शेवटी मामींना सांगितलं. तेव्हा मेहुणाही बसला होता, त्यानं कचेरीतला अनुभव लगेच बाहेर काढला: झाकली मूठ सव्वा लाखाची, चारच महिने राहिलेत, गप्प बसा, अशा गोष्टी आपोआप फायलीत विरतात. मामांच्या ताटातलं तसंच राहिलेलं मामींनी झाकून ठेवलं आणि म्हणाल्या, रोज टाकून द्यायला मी स्वयंपाक करत नाही. काय ते सांगून या, आणि मग जेवा.

तरी मामा आणखी एक दिवस घुटमळलेच. पाचव्या दिवशी सकाळी काचघरात गेले तर धाकट्या मॅडम पालथ्या बादलीवर बसल्या होत्या, मांडीवर ती वही. रडत नव्हत्या. रडत असत्या तर मामांना बरं वाटलं असतं. अगदी साध्या आवाजात त्या म्हणाल्या, "मामा, मला आता वाटायला लागलंय की मीच पुड्या बदलल्या असतील. मला आठवतंसुद्धा आहे बदलल्याचं."

न केलेली चूक त्या पोरीला आठवायला लागली होती. मामा तसेच उलट पावली निघाले, जिना चढले, आणि थोरल्या मॅडमच्या खोलीत न विचारता शिरले. हेही छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच.

"मॅडम, घेवड्याचे शेंडे मी खुडले होते. नऊ कुंड्यांचे. एकोणतिसाव्या दिवशी."

थोरल्या मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाल्या, "कशावरून?"

आता ह्याला काय म्हणाल? माणूस स्वतःच्या पायानं सुळावर चढायला आलाय आणि त्याला विचारताहेत, तुझी मान कशावरून? मामांनी साहेबांचा हुकूम सांगितला, म्हातारा माळी सांगितला, कोंब सांगितले. मॅडम वही मागवून बघत होत्या. शेरा कोरा. रोपं खतात कुजून गेलेली. साक्षीदार कुणी नाही. समितीला विचारावं तर तिला फक्त स्वच्छतागृह आठवणार. मॅडम बऱ्याच मवाळपणे म्हणाल्या, मामा, तुमचा त्या मुलीवर जीव आहे हे मला माहीत आहे. पण तिच्यासाठी तुम्ही खोटं अंगावर घेऊ नका.

मामांना संताप आला. आयुष्यात एकदा गुन्हा केला, तो कबूल करायला चार दिवस उपाशी राहिलो, आणि तो कुणी माझा मानायला तयार नाही म्हणजे काय? ते म्हणाले, मॅडम, तुमच्या त्या बाजूच्या खोलीत बियाण्यासाठी लावलेला घेवडा आहे, रोपं महिन्याची झालीत, खालची पानं पिवळी पडायला लागलीत. द्या मला. बारा दिवसांत दाखवतो.

हे मात्र मॅडमना पटलं, कारण ह्यात मोजता येण्यासारखं काहीतरी होतं. चोवीस कुंड्या निवडल्या. कुठल्या बारांचे शेंडे खुडायचे ते मामांना ठरवू दिलं नाही, मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या. मामांनी त्यांच्या डोळ्यांदेखत बारा शेंडे खुडले. मग मॅडमनी हात पुढे केला. किल्ली. मामांनी कमरेची किल्ली सोडवून दिली आणि ते खोलीबाहेर आले. बारा दिवस पाणी मॅडमनी स्वतः घातलं, कोंब स्वतः खुडले, पानं धाकट्या मॅडमनी तोडली, आकडे तिसऱ्याच कुणी घातले. बियाण्याची खोली काचेची होती, म्हणून मामा रोज सकाळी बाहेरून काचेला नाक लावून बघत. संध्याकाळी सफाईवाली मावशी कुरकुरत तो नाकाचा डाग पुसत असे.

सहाव्या दिवशी मामांना दिसलं. बारा कुंड्या पिवळ्यावर पिवळ्या होत चालल्या होत्या, आणि बारांच्या शिरांच्या कडेनं हिरवा सुटला होता. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. घरी मात्र दोन वेळचं एकदम जेवले. मोजणी झाली तेव्हा शेंडेवाल्या रोपांत आरएनए खाली खाली, आणि खुडलेल्यांत वर. तोच उंट. धाकट्या मॅडम जिन्यावरून धावत आल्या आणि धाप लागली म्हणून मधल्याच पायरीवर बसून ओरडल्या, "मामा, तुम्हीच केलंत!" इतक्या आनंदानं आरोप झालेला माणूस मामांखेरीज दुसरा नसेल.

आता वाटेल की मोठा शोध लागला. छे हो. थोरल्या मॅडमनी ग्रंथालयातून जुनी धूळ खाल्लेली नियतकालिकं काढली, तर शेंडा खुडला की म्हातारं पान पुन्हा हिरवं होतं, आरएनएही वाढतो, हे कुणीकुणी केव्हाच मोजून छापलं होतं. धाकट्या मॅडमचा चेहरा थोडा पडला. पण प्रबंध उभा राहिला. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंतचं जुनं, पुढचं नवं, एका बाजूला शेंडा असलेलं, एका बाजूला नसलेलं. मुदतीच्या दोन दिवस आधी तो गेला.

आणि मामांना चिठ्ठी आली. संशोधनाच्या कुठल्याही कुंडीला ह्यापुढे हात लावायचा नाही. निवृत्तीपर्यंत बियाण्याच्या कोठीत बसायचं. थोरल्या मॅडमनी ती स्वतः आणून दिली. मामा म्हणाले, चुकलोच मॅडम. त्यावर त्या म्हणाल्या, "चुकलात म्हणून नाही. लिहिलं नाहीत म्हणून." आणि त्या दिवसापासून त्या मामांशी एक शब्द बोलल्या नाहीत.

कोठीत पिशव्या होत्या, उंदरांचे सापळे होते, आणि एक स्टूल. काचघरातून येताना-जाताना कुणी काही सांगायचं, विचारायचं, ते सगळं बंद. पहिल्या आठवड्यात मामांनी बियाण्याच्या पिशव्या नीट लावल्या. दुसऱ्या आठवड्यात त्या उलट्या क्रमानं लावल्या. मग मात्र त्यांना फार वाईट वाटलं, अगदी लहान मुलासारखं, आणि पिशव्यांच्या आड बसून त्यांनी डोळे पुसले.

धाकट्या मॅडमची तोंडी परीक्षा आली तेव्हा चहा द्यायला रिकामा माणूस एकच होता. मामा कप घेऊन आत गेले. टेबलाच्या टोकाला बाहेरचे परीक्षक, वयस्कर, डोळे अर्धे मिटलेले. धाकट्या मॅडमचं बोलून झालं होतं. परीक्षकांनी विचारलं की हे शेंडे खुडायचं कुणाच्या डोक्यातून निघालं. धाकट्या मॅडमना सरळ म्हणता आलं असतं, जुन्या नियतकालिकांतून. त्या म्हणाल्या, "ह्यांच्या," आणि चहा ओतणाऱ्या मामांकडे बोट केलं. मग साहेबांच्या हुकमापासून कोऱ्या शेऱ्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. मोठे साहेब तिथेच बसले होते, त्यांनी बिस्किटाची बशी उगाच जवळ ओढली.

परीक्षकांनी डोळे उघडले. मामांना विचारलं, कितीही पिवळं झालेलं पान परत येतं का? मामा म्हणाले, नाही साहेब, पार गेलेलं नाही येत. थोडं हिरवं शिल्लक लागतं.

"थोडं म्हणजे किती?"

मामांच्या हातात किटली होती. अर्धं म्हणावं, पाव म्हणावं, काहीही चाललं असतं, तपासायला कोण जाणार होतं. त्यांची नजर थोरल्या मॅडमकडे गेली. त्या खाली कागदांत बघत होत्या.

"ते मी मोजलेलं नाही साहेब," मामा म्हणाले. "अंदाजानं सांगणार नाही."

थोरल्या मॅडमनी मान वर केली. परीक्षा संपली, धाकट्या मॅडम पास झाल्या, त्यांची आई बाहेर रडायला लागली, सगळे तिकडे गेले. खोलीत कप गोळा करणारे मामा आणि कागद आवरणाऱ्या थोरल्या मॅडम राहिल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या बोलल्या.

"मामा, ते किती हिरवं लागतं, हे कुठेच नीट मोजलेलं मला सापडलं नाही. मोजायला हवं."

मामांनी कप खाली ठेवला. मनातल्या मनात हिशेब केला, आणि तो जुळेना.

"मॅडम," ते म्हणाले, "घेवडा पेरल्यापासून पान पिवळं पडायला पाच आठवडे लागतात. माझे एकोणीस दिवस उरलेत."

थोरल्या मॅडमनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "मग उद्याची वाट कशाला बघताय? आत्ता पेरा. विसाव्या दिवसापासून दुसरं कुणी बघेल, म्हणून शेरा लिहा."

मामांनी मान हलवली आणि ते काचघराकडे निघाले. कप संध्याकाळपर्यंत टेबलावर तसेच पडून होते.